वायव्येकडे उघडणारी खिडकी: गोंदिया तालुक्यातील एका तलावकाठच्या लपणात चार सकाळी

पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी बांधलेले लपण कितपत उपयोगाचे आहे हे ठरवताना मी सर्वांत आधी त्याच्या खिडकीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहतो. तेथे येणाऱ्या पक्ष्यांची यादी, बसण्याची सोय आणि जेवणखाण या गोष्टी माझ्या लेखी त्यानंतरच्या आहेत. कृत्रिम दिवा न वापरता केवळ उन्हावर काम करायचे असेल, तर पक्षी आणि सूर्य यांच्यामध्ये छायाचित्रकार कोठे बसला आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि एकदा खड्डा खणून तट्ट्या उभ्या केल्या की ती जागा बदलता येत नाही.

गोंदिया तालुक्यात, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका गावात एका धान उत्पादक शेतकऱ्याने आपल्या तलावकाठच्या जमिनीत अशी दोन लपणे तयार केली आहेत आणि ती अर्ध्या दिवसाच्या बोलीने भाड्याने दिली जातात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सलग तीन सकाळी आणि दोन संध्याकाळी, आणि त्यानंतर फेब्रुवारीत आणखी एक सकाळ मी तेथे बसलो. गावाचे नाव मी येथे देत नाही, कारण तलावावर सारसाची एक जोडी येते आणि तिचा ठावठिकाणा सर्वत्र छापून येऊ नये अशी मालकांची विनंती आहे. ती मला पूर्णपणे मान्य आहे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) घरटे करणारा हा पक्षी माणसाच्या वर्दळीने अंडी सोडून जाऊ शकतो. गोंदियातल्या पक्षिमित्रांकडे चौकशी केल्यास या लपणाचा पत्ता लागतो.

तलाव माजी मालगुजारी आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला मामा तलाव म्हणतात तो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, संपली आणि हे तलाव सरकारकडे आले, पण त्यांचे पाणी आजही धानालाच जाते आणि त्यांतली मासेमारी ढिवर बांधव करतात. या तलावाची पाळ (मातीचा बांध) पश्चिमेला आहे. पूर्वेचा काठ उथळ आणि पसरट असून तेथेच मालकांची जमीन पाण्याला लागते. उथळ पाण्यात चालत खाणारे पक्षी याच काठाला येतात आणि हिवाळ्यात सकाळचे ऊनही याच काठाच्या पाठीमागून येते, त्यामुळे जागा मुळातच चांगली आहे. मात्र ती नेमकी कशी वापरायची हे मालकांनी ज्या रीतीने ठरवले, त्याचे मला विशेष कौतुक वाटते.

सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून लपणाची खिडकी सरळ पश्चिमेकडे ठेवावी असे कोणालाही वाटेल. परंतु डिसेंबरच्या अखेरीस आपल्या अक्षांशावर सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. त्यामुळे सकाळचे ऊन नेमके पाठीवर घ्यायचे असेल, तर तोंड पश्चिमेपासून तितकेच उत्तरेकडे वळवावे लागते. मोठ्या लपणाची खिडकी तशीच आहे. मी होकायंत्र लावून पाहिले तेव्हा ती पश्चिम आणि वायव्य यांच्या जवळजवळ मध्यावर निघाली. मालकांनी हे कोणत्याही उपकरणाशिवाय साधले. ते म्हणाले, "भाऊ, पुसाच्या महिन्यात सकाळी एक बल्ली गाडली अन् तिची सावली पाण्यावर जिकडं पडली, तिकडंच खिडकी ठेवली." बल्लीच्या (लाकडी खांबाच्या) सावलीची दिशा म्हणजेच सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशा. पाठीमागच्या धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) मोहाची दोन मोठी झाडे जेथे एकमेकांपासून लांब आहेत, त्या मोकळ्या पट्ट्यासमोर त्यांनी खड्डा घेतला, म्हणून उगवतीचे ऊन झाडांत न अडकता थेट पाण्यावर पोहोचते.

याचा परिणाम पहिल्याच सकाळी दिसला. डिसेंबरअखेर तेथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सव्वासातपर्यंत पाण्यावर धुके होते, कारण थंडीच्या रात्री तलावाचे पाणी हवेपेक्षा ऊबदार राहते आणि त्याची वाफ वर येऊन थिजते. त्या धुक्यातून कॅमेऱ्याला नेम सापडत नव्हता आणि मी घाई करून घेतलेली पहिली चाळीस-पन्नास चित्रे निस्तेज निघाली. पण धुके उठले आणि कमळाच्या पानांवर फिरणाऱ्या कांस्यपंखी कमळपक्ष्याच्या पाठीवर ऊन पडले, तेव्हा त्याच्या पंखांवरचा तो तांबूस-हिरवट झळाळ मी पहिल्यांदा पुरेपूर पाहिला. ढगाळ दिवशी हाच पक्षी मातकट दिसतो. त्याची चमक ऊन ज्या कोनातून पडते त्यावर अवलंबून असते, आणि पाहणारा व सूर्य एकाच रेषेत असले तर ती सर्वांत भरदार दिसते. डोळ्यात उन्हाचा एक बारीक ठिपकाही अशाच वेळी उमटतो, आणि त्या ठिपक्याशिवाय पक्ष्याचा डोळा चित्रात मेल्यासारखा दिसतो.

सकाळच्या उन्हाचा पिवळेपणा टिकवायचा असेल तर एक काळजी घ्यावी लागते. क्षितिजालगतच्या सूर्याचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून येतो, त्यात निळा भाग विखुरतो आणि तांबूस-पिवळा भाग उरतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवला तर यंत्र तो पिवळेपणा दोष समजून काढून टाकते. मी तो डेलाइटवर स्थिर ठेवला आणि सगळी चित्रे रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेली माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, घेतली. माझ्याकडे १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, जिचे ॲपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) लांब टोकाला एफ ६.३ पेक्षा अधिक उघडत नाही. सव्वासातला मला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० वर १/१२५० सेकंदाचा शटरस्पीड (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) मिळत होता, आणि साडेआठला सूर्य क्षितिजापासून सुमारे २० अंश वर आला तेव्हा आयएसओ ४०० वर १/२०००. म्हणजे उडत्या पक्ष्यासाठी लागणारा शटरस्पीड साध्या लेन्सवरही मिळतो, आणि या लपणासाठी कोणी लाखो रुपयांची लेन्स घ्यावी असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र माझी एक चूक मला महागात पडली, आणि ती येथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची होण्याची शक्यता आहे. खिडकीच्या डाव्या बाजूला एका मोहाची सावली पाण्यावर पडते आणि तेवढा भाग गडद, जवळजवळ काळा दिसतो. त्या काळ्या पाण्यासमोर, पण स्वतः पूर्ण उन्हात, एक मोठा बगळा येऊन उभा राहिला. कॅमेऱ्याचे मापन चौकटीतल्या एकूण उजेडाची सरासरी काढते. चौकट बहुतेक काळी असल्याने त्याने एक्स्पोजर (चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश) वाढवले आणि बगळ्याचा पांढरा रंग जळून गेला. पिसांच्या रेषा नाहीशा होऊन पक्ष्याच्या जागी कोरा कागद चिकटवल्यासारखे चित्र आले. रॉ फाइलमधूनही ते परत आणता आले नाही, कारण जेथे माहितीच नोंदली गेली नाही तेथून काढायचे काय? तिसऱ्या सकाळी मी आधीच एक स्टॉप कमी केला (म्हणजे प्रकाश निम्मा केला), हिस्टोग्रामची (चित्रातल्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड पाहत राहिलो, आणि त्याच जागी, त्याच बगळ्याच्या मानेवरचे एकेक पीस सुटे आले. काळी पार्श्वभूमी आणि उन्हातला पांढरा पक्षी ही जोडी या लपणाची फार मोठी देणगी आहे, फक्त मापन आपल्या हातात घ्यावे लागते. पाणकावळ्यासाठी याच्या उलट करावे लागते, नाहीतर उजळ पाण्यासमोर त्याचे अंग निव्वळ काळा ठसा होऊन राहते.

लपणाच्या बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो. अडीच फूट खोल खड्डा, तिन्ही बाजूंनी बांबूच्या तट्ट्या, वर तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) छप्पर, पुढे दुहेरी काळे कापड आणि त्यात लेन्ससाठी तीन तोंडे. तीन माणसे बसतात, दोन असतील तर आरामात. खड्ड्यामुळे लेन्स पाण्याच्या पातळीपासून जेमतेम वीतभर उंचीवर येते. टिबुकली किंवा अडईसारखा पाण्यावर तरंगणारा पक्षी त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवरून टिपता येतो आणि त्याच्या मागचे पाणी व पलीकडची पाळ दूर जाऊन विरघळते. पाळीवर उभे राहून खाली तोंड करून घेतलेल्या चित्रात हे कधीच साधत नाही. ट्रायपॉडला जागा नाही, म्हणून कडेच्या फळीवर बीनबॅग ठेवावी लागते. मालकांकडे धानाचा कोंडा भरलेल्या दोन पिशव्या आहेत आणि त्या विकतच्या बीनबॅगेपेक्षा मला अधिक स्थिर वाटल्या. जमिनीवर तणीस अंथरलेले असले तरी पहाटे ओल पाठीपर्यंत चढते, तेव्हा गोधडी किंवा जाड सतरंजी सोबत असावी.

येथे कोणत्याही पक्ष्याला आमिष दाखवले जात नाही, आणि माझ्या मते ही या जागेची दुसरी मोठी बाजू आहे. काही वर्षांपूर्वी मी अन्यत्र एका ठिकाणी पैसे भरून बसलो होतो, तेथे पाण्यात टोपले बुडवून त्यात जिवंत मासे सोडले होते, समोर फांदी रोवली होती आणि दोन्ही बाजूंना दिवे लावले होते. धीवर पक्ष्याने (मासे पकडणाऱ्या लहान निळ्या पक्ष्याने) दहा मिनिटांत आठ वेळा त्याच फांदीवरून त्याच जागी सूर मारला. चित्रे लखलखीत आली, पण घरी येऊन पाहताना प्रत्येक चित्रातला प्रकाश सारखाच होता, तो कोणत्या ऋतूतला आणि कोणत्या वेळचा हे सांगता येत नव्हते, आणि मला ती कोणाला दाखवावीशीही वाटली नाहीत. या तलावावर धीवर आपल्या मर्जीने येतो. तीन सकाळींत तो माझ्या टप्प्यात फक्त दोनदा आला, त्यातले एकच चित्र बरे आहे, परंतु त्याच्या पाठीच्या निळ्यावर पौषातले कोवळे ऊन आहे आणि चोचीतल्या मासोळीवरही तेच आहे.

दुसरे लपण लहान आहे, नवे आहे आणि माझ्या मते त्याची जागा चुकली आहे. ते मोठ्या लपणापासून साठ-सत्तर पावलांवर, दोन मोहांपैकी दक्षिणेकडच्या झाडाच्या सावलीच्या बरोबर रेषेत येते. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना १० मीटर उंचीच्या झाडाची सावली सुमारे ५७ मीटर लांब पडते, आणि २० अंशांवरही ती २७ मीटरपेक्षा आखूड होत नाही. सकाळचे सर्वांत कोवळे दोन तास या लपणासमोरचे पाणी सावलीत असते आणि पलीकडचे पाणी उन्हात. उजळ पार्श्वभूमीसमोर सावलीतला पक्षी टिपणे हे नैसर्गिक प्रकाशातले सर्वांत कठीण काम आहे. ऊन समोर पोहोचते तोवर साडेआठ वाजतात आणि प्रकाश कडक होऊ लागतो. येथे खंड्या आणि वेडा राघू यांच्यासाठी वाळक्या फांद्या लावल्या आहेत, पक्षी त्यांवर बसतातही, पण मला एकही समाधानकारक चित्र मिळाले नाही. मी हे मालकांना सांगितले, तेव्हा मोहाचे झाड तोडण्याचा प्रश्नच नाही, पुढच्या वर्षी खड्डाच उत्तरेला सरकवू, असे ते म्हणाले. ते होईपर्यंत लहान लपणाचे भाडे अर्धे करावे असे मला वाटते. आज दोन्हींसाठी माणशी ६०० रुपये सारखेच घेतले जातात आणि तेवढे मला अन्यायाचे वाटले.

संध्याकाळी येथे बसावे की नाही याबद्दल मला स्पष्ट सांगायचे आहे. सूर्य तेव्हा नैर्ऋत्येकडच्या आकाशात उतरतो, म्हणजे खिडकीच्या डाव्या समोरच्या बाजूला. पक्ष्याची आपल्याकडची बाजू सावलीत जाते आणि रंग हरवतात. पिसांच्या कडेने उन्हाची रेघ उमटवणारी चित्रे ज्यांना आवडतात त्यांना शेवटचा अर्धा तास मोलाचा वाटेल. पाच-सव्वापाचनंतर अडयांचे थवे शिट्ट्या घालत धानाच्या बांध्यांकडे खाण्यासाठी निघतात आणि तांबड्या आकाशावर त्यांच्या काळ्या आकृती सुरेख दिसतात. परंतु त्यासाठी लपणात बसण्याची आवश्यकता नाही, पाळीवरूनही तेच दृश्य मिळते. संध्याकाळचे पैसे वाचवून ते दुसऱ्या सकाळीसाठी ठेवावेत.

सारस तिसऱ्या सकाळी आले. आठच्या थोडे आधी उत्तरेकडच्या धुऱ्यापलीकडून त्यांची ती एकमेकांत मिसळलेली हाक आली, आणि काही वेळाने नर, मादी आणि त्यांचे त्या पावसाळ्यातले पिल्लू कापलेल्या बांधीतून चालत उथळ पाण्यात उतरले. पिल्लाचे डोके अजून लाल झाले नव्हते, बदामी पिसांनी झाकलेले होते. ती माझ्यापासून सत्तर-ऐंशी मीटरवर होती, म्हणजे चौकट भरेल इतकी जवळ मुळीच नव्हती, आणि मला बाहेर पडून धुऱ्याच्या आडून पुढे सरकण्याचा मोह झाला. मालकांनी हात दाबून मला खाली बसवले आणि कुजबुजत म्हणाले, "भाऊ, इथंच राहा. ते आपल्या टायमानं आले, आपल्या टायमानं जातीन." मी बसून राहिलो. सारसाचा राखाडी रंग दुपारच्या उन्हात फिका, धुतल्यासारखा दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच राखाडीत किंचित गुलाबी ऊब आली होती, मानेचा लाल पट्टा पाण्यात उमटला होता आणि तिघांच्याही सावल्या त्यांच्या मागे, आमच्यापासून दूर पडल्या होत्या. मी चौकटीत पक्षी लहानच ठेवले आणि मागची तणसाची गंजी, धुरा व पाणी येऊ दिले. चार सकाळींतले माझे सर्वांत आवडते चित्र तेच आहे. शटरस्पीड १/८०० होता, उभ्या आणि संथ चालणाऱ्या पक्ष्याला तेवढा पुरतो.

साधारण नऊनंतर ढिवर बांधव पाळीकडून डोंगे घेऊन पाण्यात उतरतात आणि बदके तलावाच्या मध्याकडे निघून जातात. मागे कोणीतरी याबद्दल तक्रार केली होती असे मला मालकांकडून कळले. ती तक्रार मला योग्य वाटत नाही. तलाव त्यांच्या पोटाचा आहे, आणि नऊनंतर प्रकाशही तसा उपयोगाचा राहत नाही. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे ४५ अंशांच्या आसपासच राहतो, त्यामुळे उन्हाळ्यासारख्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत हे खरे. पण ऊन तापले की पाण्यावरची हवा लहरू लागते आणि लांबच्या पक्ष्याची पिसे एकमेकांत मिसळतात. हा दोष लेन्सचा नसतो आणि कोणतीही लेन्स तो दूर करू शकत नाही.

फेब्रुवारीतली सकाळ मला निराश करून गेली आणि त्याचे कारण आधी समजले असते तर मी गेलोच नसतो. उन्हाळी धानासाठी पाणी सोडणे सुरू झाले की या पसरट काठावरचे पाणी झपाट्याने मागे हटते. मी गेलो तेव्हा पाण्याची कड लपणापासून चाळीस पावले दूर गेली होती आणि मध्ये चिखल होता. चिखलात टिटव्या आणि तुतारी पक्षी भरपूर होते, त्यांची चित्रे चांगली आली, पण कमळपक्षी, टिबुकल्या आणि बदके टप्प्याबाहेर होती. शिवाय तोवर सूर्य उगवतीला बराच उत्तरेकडे सरकलेला असतो आणि खिडकीची डिसेंबरातली अचूक दिशाही तितकी अचूक राहत नाही. मालक फोनवर पाण्याची स्थिती विचारल्यास खरी सांगतात, मात्र स्वतःहून सांगत नाहीत. ती त्यांनी जागा ठरवतानाच सांगावी. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो, त्यामुळे लपण नोव्हेंबरच्या मध्यापासूनच सुरू होते. नोव्हेंबरात धानाची कापणी आणि मळणी चालू असल्याने हवेत धूळ असते आणि सकाळचे ऊन अधिक तांबडे पण कमी धारदार येते.

भाड्यात सकाळचा चहा आणि दहा वाजता जेवण येते: चिन्नोरचा भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि अंबाडीची भाजी. घरच्या बाई आग्रहाने वाढतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. राहण्याची सोय नाही, गोंदियाहून पहाटे साडेपाचपर्यंत पोहोचावे लागते, कारण उजाडल्यावर लपणाकडे चालत गेले तर काठावरचे सगळे पक्षी उठतात आणि परतायला तासभर घेतात. शेवटचा अर्धा किलोमीटर धुऱ्यावरून पायी जायचा आहे, तेव्हा विजेरीला लाल कागद लावून न्यावा.

पुढच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या दोन सकाळी मी आताच सांगून ठेवल्या आहेत, दोन्ही मोठ्या लपणासाठी.